व्यक्तिमत्त्व-प्रश्नावल्या किती भरवशाच्या? चार प्रश्नावल्या दोनदा भरून केलेले परीक्षण

एकाच माणसाने सहा आठवड्यांच्या अंतराने एकच प्रश्नावली दोनदा भरली आणि दोन्ही वेळा त्याच्या हाती वेगळ्याच व्यक्तिमत्त्वाचे वर्णन पडले, तर त्याने विश्वास कोणत्या वर्णनावर ठेवायचा? हा प्रश्न मला एका सशुल्क संकेतस्थळामुळे पडला. तिथे अनेक विधाने वाचून सहमती किंवा असहमती नोंदवायची असते आणि त्या उत्तरांवरून माणसाला ठरावीक प्रकारांपैकी एका प्रकारात बसवले जाते. पहिल्या अहवालाने मला अंतर्मुख ठरवले, एकांतात माझी उमेद परत येते असे सांगितले आणि कामाची निवड त्याच बेताने करावी असा सल्ला दिला. दुसऱ्या अहवालाने तितक्याच ठामपणे मला बहिर्मुख ठरवले आणि सल्लाही नेमका उलटा दिला. मधल्या काळात माझे काम, प्रकृती, भोवतालची माणसे यांपैकी काहीही बदललेले नव्हते. बदलली होती ती चार-पाच विधानांना दिलेली उत्तरे, आणि तीही एकेका पायरीने.

म्हणून मी आणखी तीन प्रश्नावल्या तशाच, सहा आठवड्यांच्या अंतराने, दोनदा भरल्या. या तिन्ही संशोधकांनी तयार केलेल्या आहेत आणि त्यांची विधाने व गुण देण्याची रीत प्रसिद्ध झालेली आहे. बहिर्मुखता, सहमतिशीलता, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि अनुभवांविषयीचा खुलेपणा या पाच गुणांची मात्रा त्या मोजतात. एक आहे १२० विधानांची आयपिप-निओ-१२०, दुसरी ६० विधानांची बिग फाइव्ह इन्व्हेंटरी-२ आणि तिसरी दहाच विधानांची टेन आयटम पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी, जिला संशोधक थोडक्यात 'टिपी' म्हणतात. या परीक्षणात मी मुख्यतः विश्वसनीयतेचाच विचार केला आहे. अहवालाची मांडणी देखणी आहे का, भरताना कंटाळा येतो का, चित्रे चांगली आहेत का, याकडे मुद्दाम दुर्लक्ष केले आहे, कारण अशा सेवांची जी परीक्षणे वाचायला मिळतात ती बहुतेक याच गोष्टींविषयी असतात.

विश्वसनीयता म्हणजे काय, हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही, म्हणून थोडा वेळ तिथे थांबणे भाग आहे. मोजून आलेल्या प्रत्येक गुणात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, त्या माणसात खरोखर असलेली त्या गुणाची मात्रा, आणि दुसरी, त्या दिवसाची मनःस्थिती, विधानाचा लागलेला वेगळा अर्थ, थकवा, घाई अशा कारणांनी शिरलेली त्रुटी. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवून दिले होते की, मापनात त्रुटी असली की दोन गुणांमधला खरा संबंध प्रत्यक्षापेक्षा क्षीण दिसतो. तेव्हापासून मानसशास्त्रीय मापनाची सारी धडपड या त्रुटीचा आकार ठरवण्यासाठी चालली आहे. एखाद्या प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.८४ आहे, याचा अर्थ असा की, निरनिराळ्या माणसांच्या गुणांत जो फरक दिसतो त्यातला ८४ टक्के भाग माणसामाणसांतल्या खऱ्या फरकाचा आहे आणि १६ टक्के त्रुटीचा. हा आकडा ऐकायला भक्कम वाटतो, परंतु एकट्या माणसाच्या दृष्टीने त्याचे काय होते ते पाहिले पाहिजे. सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १० असलेल्या मोजपट्टीवर ०.८४ विश्वसनीयतेची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका खेपेला गुण साधारणपणे जितका चुकतो तो आकडा, ४ गुणांची निघते. म्हणजे ज्याला ५२ गुण मिळाले त्याची खरी जागा ढोबळमानाने ४४ आणि ६० यांच्या दरम्यान कुठेतरी आहे, इतकेच आपल्याला पुरेशा खात्रीने म्हणता येते.

आता या मोजपट्टीच्या बरोबर मध्ये, ५० वर, कुऱ्हाड घाला आणि डावीकडच्यांना अंतर्मुख, उजवीकडच्यांना बहिर्मुख म्हणा. ज्याची खरी जागा ५२ आहे तो माणूस कोणत्याही एका खेपेला चुकून डावीकडे जाण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के आहे, आणि दोन खेपांना त्याला दोन वेगळी लेबले मिळण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के. ज्याची खरी जागा ५८ आहे त्याला ही भीती जवळजवळ नाही. पण प्रसामान्य वितरणात, म्हणजे मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या विभागणीत, सरासरीपासून अर्ध्या प्रमाण विचलनाच्या आत ३८ टक्के माणसे असतात, म्हणजे कुऱ्हाड जिथे पडते तिथेच सर्वांत जास्त गर्दी असते. हीच गोष्ट चार गुणांच्या बाबतीत केली की हिशेब आणखी बिघडतो. दोन खेपांच्या गुणांत ०.८४ इतका सहसंबंध (दोन मोजमापे किती जुळतात याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) असेल आणि पट्टी मध्यावर तोडलेली असेल, तर एका गुणाचे लेबल दोन्ही वेळा तेच येण्याचे प्रमाण सुमारे ८२ टक्के राहते, आणि चारही गुण एकमेकांपासून स्वतंत्र मानले तर चारही लेबले तीच राहण्याचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर येते. सहसंबंध ०.९० पर्यंत वाढवला तरी ते ५४ टक्क्यांपलीकडे जात नाही. मूळ मोजमाप बऱ्यापैकी चांगले असताना केवळ प्रकार पाडल्यामुळे निम्म्या माणसांचा प्रकार बदलतो, हे गणित मी जेव्हा कागदावर मांडून पाहिले तेव्हा माझ्या दोन अहवालांचे कोडे सुटले. उरलेल्या तिन्ही प्रश्नावल्यांत माझी बहिर्मुखता दोन्ही खेपांना सरासरीच्या अगदी लगत आली. मी मधोमध आहे, एवढी साधी गोष्ट प्रकार पाडणाऱ्या अहवालाला सांगताच येत नाही, कारण त्याच्याकडे मधल्या माणसासाठी शब्दच नाही.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या मानसिक प्रकारांच्या कल्पनेवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ते विकसित केले आणि १९६२ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने ते प्रथम प्रकाशित केले. त्यावरची टीका वाचताना एक भेद मनात ठेवला पाहिजे, आणि तो टीकाकारही पुष्कळदा विसरतात. त्याच्या चार मोजपट्ट्यांचे सलग गुण पाहिले तर त्यांची विश्वसनीयता काही वाईट नाही, आणि रॉबर्ट मक्रे व पॉल कॉस्टा यांनी १९८९ मध्ये दाखवले की त्या चार पट्ट्या वर सांगितलेल्या पाच गुणांपैकी (संशोधक त्यांना पाच घटक म्हणतात) चारांशी बऱ्याच अंशी जुळतात. मात्र माणसे खरोखर दोन वेगळ्या गटांत विभागलेली असतात, याला त्यांच्या अभ्यासात आधार मिळाला नाही. डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात पाच आठवड्यांसारख्या थोड्या अंतरानेही सुमारे निम्म्या लोकांचा प्रकार बदलत असल्याचे नोंदवले आहे. वरचे गणित आणि हे निरीक्षण एकमेकांच्या किती जवळ येतात ते पाहावे. म्हणजे विधाने वाईट नाहीत, चूक आहे ती तोडण्याची. नोकरीसाठी उमेदवार निवडताना हे साधन वापरू नये, असे त्याचे प्रकाशक स्वतःच सांगतात, आणि ही सूचना पाळली जावी असे मला मनापासून वाटते.

मी ज्या सशुल्क संकेतस्थळाचा अनुभव घेतला त्याला मी एक पत्र लिहिले. तुमच्या प्रश्नावलीची चाचणी–पुनर्चाचणी विश्वसनीयता, म्हणजे तीच माणसे पुन्हा तपासल्यावर गुण टिकण्याचे प्रमाण, किती आहे, ती कोणत्या गटावर आणि किती अंतराने तपासली, आणि अहवालात प्रमाण त्रुटी का छापलेली नाही, असे तीनच प्रश्न विचारले होते. उत्तर नम्र होते, पण गुण देण्याची पद्धत गोपनीय असल्यामुळे माहिती देता येणार नाही, एवढाच त्याचा सारांश होता. गुण देण्याची पद्धत मी विचारलीच नव्हती. वजनकाटा आतून कसा चालतो हे गुपित ठेवायला हरकत नाही, पण तो किती ग्रॅमपर्यंत चुकतो हे गुपित असू शकत नाही. अमेरिकेतील तीन व्यावसायिक संघटनांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक व मानसशास्त्रीय चाचण्यांच्या मानकांत, ज्यांची अलीकडची आवृत्ती २०१४ ची आहे, विश्वसनीयता आणि मापनातील त्रुटी यांची माहिती देणे हे चाचणीकर्त्याचे कर्तव्य मानले आहे. या एका कारणासाठी मी त्या सेवेची शिफारस कोणालाही करणार नाही. अहवालाची पाने कितीही असोत.

जिथे आकडा दिलेला असतो तिथेही तो वाचावा कसा, हे शिकावे लागते, कारण बहुतेक ठिकाणी दिलेला आकडा 'क्रॉनबॅकचा अल्फा' असतो. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा गुणक एकाच बैठकीतल्या उत्तरांवरून काढता येतो आणि म्हणूनच तो इतका लोकप्रिय झाला. विधाने एकमेकांशी किती जुळून येतात, म्हणजे अंतर्गत सुसंगती किती आहे, हे तो सांगतो. उद्याही हीच उत्तरे येतील का, याविषयी तो काहीच सांगत नाही. शिवाय तो वाढवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यातला एक प्रामाणिक नाही. प्रामाणिक मार्ग म्हणजे विधानांची संख्या वाढवणे. विधानांमधला परस्परसंबंध सरासरी ०.३ धरला, तर दोन विधानांचा अल्फा सुमारे ०.४६ येतो, चारांचा ०.६३, आठांचा ०.७७ आणि चोवीसांचा ०.९१. दुसरा मार्ग म्हणजे तेच विधान शब्द बदलून पुन्हा पुन्हा विचारणे. 'मला लोकांत मिसळायला आवडते', 'लोकांच्या सहवासात मला बरे वाटते', 'चारचौघांत वेळ घालवणे मला आवडते' अशी दहा विधाने लागोपाठ ठेवली की अल्फा हमखास चढतो, पण बहिर्मुखतेतला उत्साह, पुढाकार, ठामपणा हे सगळे पैलू बाहेर राहतात आणि हाती उरते ती एका अतिशय अरुंद आवडीची फार अचूक मोजणी. रेमंड कॅटेल, ज्यांची सोळा घटकांची प्रश्नावली १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली, ते अशा फुगवलेल्या मोजपट्ट्यांविषयी सतत सावध करत असत. तेव्हा ०.९५ चा अल्फा दिसला तर आनंद मानण्याआधी विधाने एकदा वाचून पाहावीत.

दहा विधानांची 'टिपी' या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. सॅम गॉस्लिंग, पीटर रेंटफ्रो आणि विल्यम स्वान यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. प्रत्येक गुणासाठी दोनच विधाने, आणि ती दोन मुद्दाम त्या गुणाच्या वेगवेगळ्या पैलूंवर बेतलेली, त्यामुळे तिचे अल्फा पाहून कोणीही दचकेल. सहमतिशीलतेसाठी ०.४०, खुलेपणासाठी ०.४५, कर्तव्यदक्षतेसाठी ०.५०. तरीही सहा आठवड्यांनंतरच्या पुनर्चाचणीत तिचा सरासरी सहसंबंध ०.७२ आला. अल्फा खाली असूनही उत्तरे बऱ्यापैकी टिकतात, हे त्यांनी झाकून ठेवले नाही, आणि लांब प्रश्नावली वापरणे शक्यच नसेल तेव्हाच ही वापरावी, असेही स्पष्ट लिहिले. अशा लेखकांविषयी मला आदर वाटतो. मात्र तिचा उपयोग शेकडो माणसांच्या सरासरीचा अभ्यास करणाऱ्यांना आहे. मी ती दोनदा भरली तेव्हा खुलेपणाचा गुण सहज ओळखू येईल इतका हलला, कारण दोन विधानांपैकी एकाचे उत्तर दोन पायऱ्यांनी बदलले की गुणाचा निम्मा आधारच हलतो. स्वतःविषयी काही जाणून घेण्यासाठी ती भरू नये.

ख्रिस्तोफर सोटो आणि ऑलिव्हर जॉन यांची २०१७ मधली बिग फाइव्ह इन्व्हेंटरी-२ मला चारही प्रश्नावल्यांत सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटली. प्रत्येक गुणासाठी बारा विधाने आहेत आणि त्यांतली निम्मी उलट दिशेची आहेत, म्हणजे त्यांच्याशी असहमत होणाऱ्याला त्या गुणाची मात्रा अधिक मिळते. हे संतुलन फार महत्त्वाचे आहे. विधान कोणतेही असो, 'सहमत' म्हणण्याकडेच काही माणसांचा कल असतो, आणि सगळी विधाने एकाच दिशेची असली तर ही होकाराची सवय गुण म्हणून मोजली जाते. त्यातही कपाळावर आठी पडावी अशी गोष्ट ही की, या सवयीमुळे अल्फा वाढतो, कारण ती प्रत्येक उत्तरात सारखीच उतरते. म्हणजे त्रुटी सातत्याने घडली तर ती विश्वसनीयतेच्या वेषात येते. निम्मी विधाने उलटी ठेवली की ही सवय दोन्ही बाजूंना कापली जाते. साठ विधाने दहा-बारा मिनिटांत भरून होतात, आणि दोन्ही खेपांतले माझे पाचही गुण एकमेकांपासून फार लांब गेले नाहीत.

आयपिप-निओ-१२० चा वंश वेगळा आहे. कॉस्टा आणि मक्रे यांची २४० विधानांची निओ प्रश्नावली, जिची सुधारित आवृत्ती १९९२ मध्ये आली, ती संशोधनात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक आहे, पण तिच्यावर प्रकाशकाचा हक्क आहे. लुईस गोल्डबर्ग यांनी याला पर्याय म्हणून कोणालाही विनामूल्य वापरता येईल असा विधानांचा मोठा संग्रह उभा केला, ज्यात आज तीन हजारांहून अधिक विधाने आहेत, आणि जॉन जॉन्सन यांनी त्यातूनच १२० विधानांची ही आवृत्ती २०१४ मध्ये तयार केली. तिच्यात पाच मुख्य गुण आहेत आणि प्रत्येकाचे सहा उपगुण. मुख्य गुणाला २४ विधाने मिळतात, उपगुणाला अवघी चार. वर दिलेला हिशेब आठवला तर यातून काय निघते ते लगेच कळेल. पाच गुणांचे आकडे भरवशाचे आहेत, तीस उपगुणांचे आकडे मात्र सैल हाताने धरावेत. माझ्या दोन खेपांत पाचही मुख्य गुण जवळपास जागेवर राहिले, पण उपगुणांपैकी काही एका अहवालात 'सरासरी' आणि दुसऱ्यात 'उच्च' असे आले. वाचणाऱ्याचे लक्ष मात्र नेमके या तीस उपगुणांकडे जाते, कारण स्वतःविषयी बारीक तपशील वाचायला कोणाला आवडत नाही? ज्यांना उपगुणांतच रस आहे त्यांनी ३०० विधानांची मोठी आवृत्ती भरावी. तिथे प्रत्येक उपगुणाला दहा विधाने आहेत.

या प्रश्नावलीविषयी एक तक्रार आहे. तिचे गुण ज्या लोकांशी तुलना करून सांगितले जातात ते बहुतेक स्वखुशीने, संगणकावर ती भरायला आलेले लोक आहेत. स्वतःचे व्यक्तिमत्त्व तपासायला आपण होऊन येणारी माणसे सर्वसामान्य लोकसंख्येसारखीच असतील, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे 'तुमचा खुलेपणा शंभरांतल्या चाळिसांपेक्षा अधिक आहे' असे वाक्य वाचल्यावर हे शंभर जण कोण, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

'पण माझा अहवाल मला तंतोतंत लागू पडला', असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि सशुल्क सेवांच्या पानांवरचे अभिप्रायही याच एका वाक्यावर उभे असतात. बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अशा वेळी आठवावा. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचे म्हणून एक व्यक्तिवर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी सुमारे ४.३ गुण दिले. प्रत्यक्षात ते वर्णन सगळ्यांना एकच दिले होते आणि त्यातला मजकूर राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. अहवाल पटणे हा विश्वसनीयतेचा पुरावा नाही आणि सप्रमाणतेचाही, म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाते याचाही, नाही. या दोन्हींतला फरकही इथेच सांगितला पाहिजे. माणसाच्या जन्मतारखेवरून त्याचा स्वभाव सांगणारी पद्धत दर वेळी तेच उत्तर देईल, तिची पुनर्चाचणी विश्वसनीयता पूर्ण असेल, आणि तरीही तिने स्वभावाचे काहीच मोजलेले नसेल. विश्वसनीयता ही पहिली पायरी आहे. ती नसेल तर पुढे जाताच येत नाही, आणि ती असली म्हणजे पोहोचलो असे होत नाही.

पाच घटकांच्या प्रश्नावल्यांच्या बाजूने सप्रमाणतेचा पुरावा आहे. ख्रिस्तोफर सोटो यांनीच २०१९ मध्ये व्यक्तिमत्त्व आणि आयुष्यातील निष्पत्ती यांच्यातले आधी प्रसिद्ध झालेले ७८ संबंध मोठ्या नमुन्यांवर पुन्हा तपासले आणि त्यांतले सुमारे ८७ टक्के टिकले, जरी त्यांची ताकद मूळ अभ्यासांपेक्षा थोडी कमी भरली. सहा आठवडे हे अंतर मी का निवडले, याचेही उत्तर पुराव्यातच आहे. अंतर फार कमी ठेवले तर माणसाला आधीची उत्तरे आठवतात आणि विश्वसनीयता खोटी फुगते. फार जास्त ठेवले तर माणूसच बदललेला असतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलव्हेकिओ यांनी २००० मध्ये १५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा गुणांची स्थिरता बालपणी ०.३१, महाविद्यालयीन वयात ०.५४, तिशीच्या सुमारास ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ अशी चढत गेलेली दिसली. म्हणून विशीतल्या मुलाचा पाच वर्षांपूर्वीचा अहवाल आणि आजचा अहवाल जुळला नाही, तर दोष प्रश्नावलीला देण्याची घाई करू नये.

आता भाषेविषयी, जो मला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा वाटतो. पाच घटकांची कल्पना इंग्रजी शब्दकोशातून उगवली. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये माणसांचे वर्णन करणारे सुमारे १८,००० इंग्रजी शब्द गोळा केले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांतूनच घटक शोधले. मूळ भाषेतली विश्वसनीयता भाषांतराला आपोआप मिळत नाही. 'मी सहसा अस्वस्थ होत नाही' या विधानाशी 'असहमत' म्हणताना वाचणाऱ्याला मनात दोन नकार सोडवावे लागतात, आणि थकलेला किंवा घाईतला माणूस तिथे चुकतो. उलट दिशेची जी विधाने होकाराची सवय कापण्यासाठी घातली, तीच भाषांतरात कच्ची पडली तर नवी त्रुटी घेऊन येतात. २०१९ मध्ये रशिद लाजाज आणि सहकाऱ्यांनी २३ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ९४,७५१ लोकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात समोरासमोर विचारलेल्या नेहमीच्या प्रश्नांमधून हे पाच गुण बहुतेक ठिकाणी नीट वेगळे होतच नाहीत, असे आढळले. बोलिव्हियातील त्सिमाने समाजात मायकेल गर्व्हन आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये हेच दिसले. विश्वसनीयता हा प्रश्नावलीच्या अंगचा गुण नाही. विशिष्ट लोकांनी, विशिष्ट भाषेत, विशिष्ट परिस्थितीत दिलेल्या उत्तरांचा तो गुण आहे. कोणतीही भाषांतरित प्रश्नावली भरण्याआधी तिची विश्वसनीयता त्या भाषेत तपासली आहे का, हे विचारणे हा वापरणाऱ्याचा हक्क आहे.

नोकरीच्या निवडीत या प्रश्नावल्या वापरणाऱ्यांना एकच सांगायचे आहे. जम ननली यांनी १९७८ मध्ये लिहिले होते की, एकेका माणसाविषयी महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० ही विश्वसनीयतेची किमान मर्यादा धरावी आणि ०.९५ अपेक्षित मानावी. ०.७० चा जो आकडा सर्वत्र 'पुरेसा' म्हणून सांगितला जातो तो संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी होता. शिवाय नोकरीच्या निवडीत उमेदवार आपली चांगली बाजू दाखवणार, सगळ्यांची उत्तरे एकाच टोकाला गोळा होणार आणि माणसामाणसांतला फरकच पुसट होणार. जिथे बनाव ओळखणे अत्यावश्यक असते तिथे वेगळी साधने लागतात. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटा बहुआयामी प्रश्नावलीत स्वतःला अतिचांगले दाखवणारी, विचित्र उत्तरे देणारी किंवा बचावात्मक माणसे ओळखण्यासाठी स्वतंत्र मोजपट्ट्या आहेत. परंतु ती प्रशिक्षित तज्ज्ञाने वापरण्याची वस्तू आहे आणि तिचे परीक्षण करण्याचा अधिकार मला नाही.

शेवटी मी आणखी एक गोष्ट केली, जी या सेवांपैकी फार थोड्या सुचवतात. बिग फाइव्ह इन्व्हेंटरी-२ ची विधाने 'मी'च्या जागी माझे नाव घालून मला वीस वर्षे ओळखणाऱ्या एका मैत्रिणीकडून भरून घेतली. चार गुणांत आमचे दोघींचे आकडे त्रुटीच्या मर्यादेत जुळले. भावनिक अस्थिरतेत जुळले नाहीत. मी स्वतःला दिलेला गुण दोन्ही खेपांना जवळजवळ सारखा होता, म्हणजे माझे उत्तर पुरेसे विश्वसनीय होते, आणि तरीही तिने दिलेला गुण त्याच्या बराच खाली होता. आतली घालमेल बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून कदाचित माझे उत्तर अधिक खरे असेल. किंवा मी वर्षानुवर्षे स्वतःविषयी एकच समजूत धरून बसले असेन आणि तीच दर वेळी विश्वसनीयपणे लिहीत असेन. याचा निवाडा मीच पुन्हा पुन्हा भरून दिलेली उत्तरे करू शकत नाहीत, म्हणून तीच साठ विधाने आता मी माझ्या बहिणीला आणि एका सहकाऱ्याला दिली आहेत.